तेविसावा छर्रा

जळोचीच्या शिवेवर, ऊस संपून घरं सुरू होतात तिथं, गेणबाचं पत्र्याचं गॅरेज आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा म्हातारा, आणि त्या एकतीस वर्षांत त्यानं कामापेक्षा खोड्याच जास्त केल्या असं त्याच्याबरोबरचे अजून सांगतात. त्याची लाडकी खोडी अगदी साधी होती. कुणी मशीन खोलून बेअरिंगचे छर्रे, त्या लोखंडी गोळ्या, ताटलीत मोजून ठेवले, की ह्यानं खिशातला तसलाच एक छर्रा हळूच त्यात सोडायचा, आणि जोडणी पुरी झाल्यावर ताटलीत उरलेल्या त्या एका छर्ऱ्याकडं बघून माणूस कसा घामाघूम होतो, झक मारत सगळं पुन्हा कसं खोलतो, हे विडीच्या धुराआडून बघत बसायचं. शेजारच्या आबाजीला तर त्यानं एका दिवाळीत चार वेळा खोलायला लावलं होतं.

म्हणून ह्या माघात, बावीस छर्रे आत भरून झाल्यावर त्याच्याच ताटलीत एक उरला, तेव्हा गेणबा घाबरला बिबरला नाही. तो चिडला.

गाडी इंदापूरच्या शंभूराजांची होती. त्यांच्या आजोबांनी आणलेली, साठ सालची, म्हशीच्या गोठ्याएवढी लांब परदेशी गाडी; गुरुवारी त्यांची लेक राजनंदिनी त्याच गाडीतून मांडवात उतरायची होती. तेलाच्या जोरावर फिरणारं तिचं स्टेअरिंग साफ ढिलं पडलेलं, म्हणून त्याचा गिअरचा डबा खोलून गेणबानं बाकावर मांडला होता. आणि एमआयडीसीत नोकरीला असलेल्या गेणबाच्या पोरानं, रविराजनं, आधीच सुनावलं होतं, "तात्या, ही गाडी सरळ चालली तर शेड ऱ्हाईल. न्हायतर पत्रं काढून मी हितं भाड्याच्या खोल्या बांधतो. तुमच्या हातात आता काय ऱ्हायलेलं न्हाय."

पोरगं बोललं ते खोटंही नव्हतं. गेणबाच्या उजव्या हाताची दोन बोटं वर्षभर बधीर होती. म्हणून त्यानं बायकोला, कुशाबाईला, बाकाशी बसवून स्टेअरिंगचा दांडा तिच्या चिमटीत दिला होता.

"ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तुर फेरं मोज. मग निम्म्यावर ये. डोळं मीट. मधोमध आलं की अंमळ घट्ट लागतं. घट्ट लागलं म्हंजी सरळ."

कुशाबाईनं डोळे मिटून दांडा फिरवला. "लागलं वो. ताक घुसळताना लोण्याचा गोळा रवीला लागावा तसं."

"एकतीस वर्सं फुकट गेली माजी, तुलाच कारखान्यात धाडायला पायजे हुतं," गेणबा म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची नजर ताटलीवर गेली.

त्यानं सगळं पुन्हा खोललं. आत बावीस. ताटलीत एक. डबा पहिल्यांदा खोलला तेव्हा त्यानंच भिंतीवर खडूनं बावीस लिहिलेलं होतं. कुशाबाईनंही मोजले, तेही बावीस आणि एक. तेविसावा आत कोंबून बघितला तर दांडा जागचा हलेना. काढला की लोण्यासारखा फिरे. मापून बघितला तर केसाचा फरक नाही, आणि साठ वर्षं तेलात मुरलेल्या लोखंडाला जी पिवळट झाक येते ती त्यालाही होती. नवा असता तर चकाकला असता.

"आब्या, मुकाट्यानं सांग," त्यानं चहाला आलेल्या आबाजीला धरलं.

"गेण्या, गुडघ्यानं मला हितवर यायला अर्धा तास लागतो. छर्रा कुठनं आणू?" आबाजी बशी फुंकत म्हणाला. "पण ब्येस झालं. बस खोलत."

खोलत बसला. तीनदा खोललं. शेवटी वैतागून डबा गाडीत चढवला, इंजिन चालू केलं, तर कुणी हात न लावता स्टेअरिंगचं चाक हळूहळू डावीकडं सरकू लागलं, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं. गेणबानं झाकणावरचा स्क्रू आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. मंगळवार गेला. बुधवारची दुपार झाली. चाक डावीकडंच जाई. स्क्रूला, शंभूराजांच्या आजोबांना, आबाजीला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्यावर त्यानं ताटलीतला तो छर्रा उचलला, तरातरा कालव्यावर गेला आणि पाण्यात भिरकावला.

"जा मुडद्या. बस तितं."

परत येऊन गाडी चालू केली. चाक जागच्या जागी उभं.

संध्याकाळी रविराजनं गाडी इंदापूर रस्त्याला काढली, दोन्ही हात सोडून बघितलं. ओळंब्याची दोरी आडवी ताणल्यासारखी गाडी सरळ गेली. परत आल्यावर तो खाली उतरून म्हणाला, "मानलं तात्या. ऱ्हाऊ द्या शेड."

गेणबा हसला. हसत हसत, समोर दिसणाऱ्या आपल्या दाराकडं, रोजची तीस पावलं चालत गेला आणि दाराच्या डावीकडं, म्हशीच्या दावणीपाशी जाऊन उभा राहिला.

"अवो, तिच्याशी काय बोलायचंय?" कुशाबाईनं दारातून विचारलं.

तो मागं फिरला. दाराकडं बघत पुन्हा निघाला. ह्या खेपेला कडब्याच्या गंजीला थटला. मग भिंतीला हात लावत लावत घरात गेला.

गुरुवारी इंदापुरात लग्न लागलं. गाडी मांडवाच्या दारात अशी येऊन थांबली की बँडवाले वाजवायचे थांबले. शंभूराजांनी हौसेनं माईकवरून गेणबाचं नाव पुकारलं, फेटा बांधायला मानकऱ्यांत बोलावलं. गेणबा निघाला. डोळे समोरच्या फेट्यावर, पाय लाल गालिच्यावर. आणि पंधराव्या पावलाला तो डावीकडच्या स्वयंपाकाच्या कनातीत, भाताच्या डेगीपुढं उभा होता.

मांडव हसला. तो पुन्हा दारापासून निघाला. पुन्हा भात. तिसऱ्यांदा तो एकेक पाऊल मोजत, दात आवळून चालला, आणि डेगीवरच्या आचाऱ्यानं झाकण काढून विचारलं, "वाढू का?" तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. आबाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मेलं तरी जित्याची खोड जायाची न्हाय ह्याची," तो सांगत होता.

गेणबाच्या कपाळावरून घाम गळत होता. "आब्या," तो खालच्या आवाजात म्हणाला, "न्हाय रं. खरंच जमंना मला."

आबाजी आणखीच हसला.

कुशाबाई तेवढी हसली नाही. ती बायकांतून उठून आली, नवऱ्याचे दोन्ही खांदे धरून तिनं त्याला डावीकडं टोकापर्यंत वळवलं, मग उजवीकडं टोकापर्यंत, आणि डोळे मिटून सावकाश निम्म्यावर आणलं. तिथंच, लोकांच्या हसण्यात, ती त्याला जरा इकडं, जरा तिकडं हलवत राहिली. मधोमध अंमळ घट्ट लागायला हवं होतं. ते काही तिच्या हाताला लागलं नाही.