आधी दार लावा

आधी दार लावा. हं, असं. आता बोलते.

मी जिन्याखालची खोली. सहा फूट बाय पाच, आणि छत असं तिरकं की भल्याभल्यांना माझ्यापुढे मान तुकवावी लागते. आज माझ्यात वाइन नांदते, पण पूर्वी मोडकी सायकल, तुटक्या छत्र्या आणि झुरळांचं एक मोठं कुटुंब राहायला होतं. घरात कुणी ‘हे कुठे ठेवू?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘टाक जिन्याखाली.’ पंचवीस वर्षं मी हेच ऐकलं.

माझं नशीब फळफळलं ते आमच्या बाईंच्या वडिलांमुळे. त्यांचा द्राक्षमळा होता आणि ते स्वतः वाइन करत. शेवटच्या हंगामात त्यांनी छत्तीस बाटल्या भरल्या, अठरा मुलाला दिल्या, अठरा मुलीला, आणि बजावलं, “दहा वर्षं हात लावायचा नाही. मग बघा गंमत.” त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

दादाला, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाला, कुठला दम निघतोय! वर्षाच्या आत त्याने आपल्या बाटल्या फोडल्या. वाइन निघाली आंबट ढाण. मळा तर त्याने विकलाच, वर नातेवाइकांत सांगत सुटला, “शेवटी शेवटी बाबांचा हात गेला होता, वाइन जमेना त्यांना.” बाईंना ते फार लागलं. त्या भांडल्या नाहीत. आपल्या अठरा बाटल्या त्यांनी पलंगाखाली सरकवल्या आणि म्हणाल्या, “दहा वर्षांनी बोलू.”

पण उन्हाळ्यात पलंगाखालीही भट्टीच. बाईंचा जीव तिथे अडकलेला. हे बाईंच्या यजमानांना, मास्तरांना, बघवेना. मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक. बाई लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने गेल्या, तेव्हा त्यांनी डाव साधला. आल्यावर बायकोला चकित करायचं! सुतारमामांना बोलावलं, माझं पोट रिकामं केलं आणि कंपासपेटी घेऊन माझा असा सुंदर नकाशा काढला की मी लाजले. उष्णता अडवायला भिंतींवर ग्लासवूलच्या जाड गाद्या बसल्या, त्यावर आतून प्लॅस्टिकचा कागद, त्यावर लाकडी फळ्या. गारव्याचं यंत्र बसलं. बुचं ओली राहावीत म्हणून बाटल्या आडव्या निजवायला लाकडी घोडे झाले.

“मास्तर, वहिनींना एकदा विचारायचं का?” सुतारमामा म्हणाले.

“अहो, तिला विचारलं तर ती चकित कशी होईल?”

आता यातली मेख ऐका. बाईंची सगळी नोकरी गेली लसींच्या शीतगृहात. तीस वर्षं त्यांनी थंडीच सांभाळली! आणि घरात थंड खोली होतेय, तर त्यांनाच विचारायचं नाही. काखेत कळसा, दुसरं काय?

बाई आल्या, मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. दोन महिने मी ऐटीत होते. मग हवा दमट झाली आणि माझ्या अंगाला कुबट वास यायला लागला. फळ्यांच्या खालून पाणी झिरपलं. कोपऱ्यात काळी बुरशी धरली. बाईंनी एक फळी उचकटली, गादी हाताने दाबली, तर स्पंजासारखं पाणी गळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“प्लॅस्टिक आतून कुणी लावलं?”

मास्तरांचा चेहरा उतरला. “थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून...”

“अहो, गार पाण्याच्या पेल्याला घाम कुठून येतो? बाहेरूनच ना? ती ओल हवेतली. इथेही ती बाहेरच्या गरम हवेतून येते आणि तुमच्या प्लॅस्टिकला अडून गादीत मुरते. तिला वेशीवरच अडवायचं असतं. आधी प्लॅस्टिक, मग गादी!”

“वहिनी, आता सगळं उपटायचं?” सुतारमामा कळवळले.

“सगळं. आणि मी समोर बसणार.”

बसल्या की! स्टूल टाकून, चष्मा नाकावर घेऊन. भिंत वाळवली. आधी भिंतीला प्लॅस्टिक, सांधे चिकटपट्टीने बंद. मग थर्मोकोलचे तक्ते, फटींत फोम, मग फळ्या. मास्तर निमूटपणे खिळे देत होते. पोकळ दार गेलं, भरीव आलं, कडेने रबराची पट्टी लागली. शेवटी बाईंनी शीतगृहातली परीक्षा घेतली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ती ओढायची. निसटली, तर दार नापास. मी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पट्टी फाटली, पण निसटली नाही. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

खरी कसोटी पुढे होती. नवव्या वर्षी ऐन उन्हाळ्यात तीन दिवस वीज गेली. मास्तर दर तासाला यायचे, “जरा उघडून तापमान बघू का?” बाईंनी दारापुढे खुर्ची टाकली. “बघायला उघडाल आणि उकाडा आत घ्याल. व्हा बाजूला!” आत मी श्वास रोखून होते. वीज आली, दार उघडलं. तेरा अंशांचे सोळा झाले होते, फक्त सोळा! बाईंनी माझ्या भिंतीवर थाप मारली. ती थाप मी जन्मभर विसरणार नाही.

दहा वर्षं पुरी झाली त्या दुपारी दादाला बोलावलं. तो हसतच आला. “छकू, लोणच्यात घालायला होईल तुझं ते व्हिनेगर.”

बाईंनी बाटली पुढे ओढली. बूच निघालं, वाइन पेल्यात पडली. दादाने घोट घेतला आणि त्याचं हसू थांबलं. दुसरा घोट घेतला. मग बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली.

“ही बाबांची?”

“बाबांचीच. त्याच हंगामाची.”

त्याने पेला उजेडात धरला. “काय सुरेख झालीय गं... आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, की बाबांचा हात गेला होता.”

“मग आता सगळ्यांना सांगत फिर, की नव्हता गेला.”

त्याने डोळे पुसत मान हलवली आणि तिथल्या तिथे चुलतभावाला फोन लावला. मग काकांना, मग आत्याला. मास्तर मधूनमधून ओरडत होते, “आणि प्लॅस्टिक बाहेरून लावायचं, हेही सांगा!”

मी आजही ठणठणीत आहे. तेरा अंश, भिंती कोरड्या, बाटल्या बारा उरल्यात. जिन्याखाली टाकलेली मी, माझ्यात एका माणसाचा दहा वर्षांचा शब्द टिकला. कुणाच्या दिवाणखान्याने एवढं केलंय?

परवा दादा दुसरी बाटली न्यायला आला होता. आत येताना वाकला, बाटली दोन्ही हातांनी उचलली, आणि बाहेर पडल्यावर रबर नीट बसेपर्यंत दार दाबून धरलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्हीही निघताना तेवढं करा.