बाईंचा उजवा पाय

मी एक जुना पाय आहे, मित्रांनो. हसलात ना? हसा खुशाल. पांढऱ्या प्लास्टरचा, घोट्याशी संपलेला उजवा पाय. पाय असून जन्मात एक पाऊल चाललो नाही. चित्रकलेच्या क्लासमध्ये स्टुलावर बसायचं आणि मुलांनी माझं चित्र काढायचं, एवढंच माझं काम.

पण ज्या पायावरून मला घडवलं तो पाय एका जागी ठरत नसे. क्लासच्या वरच्या मजल्यावर नाचाच्या बाई राहत आणि शिकवत. त्या आणि त्यांच्या मुली सकाळपासून असा ठेका धरायच्या की आमच्या छताचे पोपडे रंगाच्या वाट्यांत पडायचे. ड्रॉइंगचे सर तेव्हा तरुण होते. तणतणत तक्रार करायला वर गेले आणि नाच बघून, चित्रासाठी बाईंचा पायच मागून आले. बाईंनी तेल चोळून पाय साच्यात दिला. प्लास्टर घट्ट होताना चांगलं तापतं, पण त्या हलल्या नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी त्यांना मोठी गाठ होती, वर्षानुवर्षं पाय आपटून आलेली. सर म्हणाले, साच्यातून निघाल्यावर ती घासून टाकतो, पाय देखणा दिसेल.

"ती राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझं सगळं शिक्षण तिथंच आहे."

तर असा मी गाठीसकट जन्मलो. मुलांनी मला कधी बटाट्यासारखं काढलं, कधी झिजलेल्या चपलेसारखं. मी सगळं सोसलं. एखादं पोर कंटाळून पेन्सिल खाली ठेवायला लागलं, की सर त्याला ती गाठ दाखवून बाईंची गोष्ट सांगायचे. पोर जरा वेळ बघायचं आणि पुन्हा पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचं. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

पुढे बाईंचे गुडघे गेले, वरचा क्लास बंद पडला आणि त्या लहानग्या लेकीला घेऊन परगावी गेल्या. वर शांतता झाली. मला ती कधी मानवली नाही.

त्यानंतर आली खोडरबर. हे तिचं टोपणनाव. रेघ कमी मारायची, खोडायचीच जास्त. मामाकडे वाढलेली, भलती चिवट पोर. गाठीखालची सावली मनासारखी उतरेपर्यंत जागची उठायची नाही. परीक्षेतही तिनं मला जसा आहे तसा काढला. परीक्षा क्लासमध्येच, मला समोर ठेवून व्हायची, पण कागद तपासायला बाहेर जायचे. ज्यांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं त्यांनी शेरा मारला, अंगठ्याचा आकार चुकला, नापास. पुढच्या वर्षीही तेच झालं. सरांनी अर्ज केले, हेलपाटे घातले, कोणी दाद दिली नाही. मामानं निक्षून सांगितलं, या खेपेला पास झाली नाहीस तर चित्रं बंद, दुकानात बसायचं. सर तिला म्हणाले, गाठ दाखवू नकोस, बाकीचं काढ. ती ऐकेना. समोर दिसतं तेच काढणार म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी क्लास रिकामा झाल्यावर सरांनी मला मांडीवर घेतलं आणि गाठीवर कानस फिरवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही. प्लास्टरला दुखत नाही म्हणतात. मला दुखलं.

दुसऱ्या दिवशी खोडरबरनं मला पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि खाली मान घालून गुळगुळीत पाय काढला. चांगल्या मार्कांनी पास झाली. माझ्याकडे मात्र पुन्हा कधी फिरकली नाही.

काही वर्षं गेली आणि एका दुपारी बाईंची लेक आली. बाई नुकत्याच वारल्या होत्या. लहानपणापासून रोज आईचे पाय चेपायची सवय, आता हाताला चैन पडत नाही, असं ती सरांना सांगत होती. एकदाच तो पाय हातात द्या म्हणाली. सरांनी मला तिच्या हातात दिलं. तिनं डोळे मिटले आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट नेलं. थांबली. पुन्हा फिरवलं.

"हा नाही, काका. हा आईचा पाय नव्हे."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, सांगा ना हो सर, सांगून टाका!

"तो फुटला गं," सर म्हणाले. "मागेच फुटला."

तिनं मला अलगद स्टुलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि गेली. त्याच दिवशी सरांनी मला कपाटाच्या माथ्यावर चढवलं. अजून तिथंच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ खुशाल पुसा. पण कुणाच्या मेहनतीची खूण डोळ्यांना खुपते म्हणून घासून टाकू नका, भल्या मनानंसुद्धा नको. सरांवर माझा राग नाही. त्यांनी एका पोरीचं भलंच केलं. पण दुसरी पोर आईचा पाय फुटला असं समजून परत गेली. मी फुटलेलो नाही. तिला एवढं कुणीतरी सांगा.