आवाज न करणारा चाकू

तक्तेसाहेबांनी चाकू कानाशी नेला, डोळे मिटले आणि पातं हळूच उघडलं.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "चाकू घेताय की घड्याळ?"

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. तक्तेसाहेब हसले नाहीत. त्यांनी चाकू मिटला, पुन्हा उघडला, खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि 'आवाज' या रकान्यात 'मध्यम' असं लिहिलं.

"कशासाठी हवाय ते तरी सांगा. फळं कापायला? दोर तोडायला? की आपला खिशात असावा म्हणून?"

"पाकिटं फोडायला." खोटं बोलायचा सराव नसल्यामुळे त्यांनी घाईघाईनं पुरवणी जोडली, "ऑफिसात. बरीच येतात पाकिटं."

"मग कात्री न्या की!"

कात्रीचं नाव काढताच समोरच्या माणसाचा चेहरा असा काही उतरला, की दुकानदारानं मुकाट्यानं दुसरा खोका पुढे ओढला. त्यातून एक नारिंगी मुठीचा, रुंद पात्याचा चाकू उचलला आणि नुसत्या अंगठ्यानं उडवला. ठक्क! तक्तेसाहेब पाऊलभर मागे सरले.

"हा बोटीवर काम करणारे नेतात. पाण्यात पडला तरी रंगावरून सापडतो. माझ्याकडचा सगळ्यात स्वस्त, आणि मरेपर्यंत टिकेल."

"नको, नको," तक्तेसाहेब म्हणाले आणि कागदावर लिहिलं, 'आवाज : फार. बाद.'

तक्तेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पाणीपुरवठ्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. पाइप घ्यायचा असो की पायपुसणं, तीन दुकानांचे भाव मागवायचे, शेजारी शेजारी मांडून तक्ता करायचा आणि अटी पुऱ्या करणाऱ्यांत जो स्वस्त त्याला होकार द्यायचा. ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली आणि घरचीच होऊन बसली. छत्री, दातांचा डॉक्टर, भाड्याचं घर, सगळं तक्त्यातून पार पडलेलं. लग्न तेवढं तक्त्याशिवाय झालं होतं. आयुष्यातला तो एकच नियमबाह्य व्यवहार, आणि त्यात खोट आली नाही असं ते स्वतःच सांगत.

बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणीवर होती. कटिंग मास्तर. बाई असली तरी सगळ्या तिला 'मास्तर'च म्हणत. आठ थरांचं कापड टेबलावर पसरायचं आणि हातभर लांबीच्या कात्रीनं एका दमात बाही कापायची. वरच्या थरातली आणि खालच्या थरातली बाही एकमेकींवर ठेवली तर सूतभर फरक निघायचा नाही. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी उठली तेव्हा उजवा हात उठला नाही. पाय हळूहळू परत आला, बोलणंही आलं, थोडं सावकाश. हात मात्र गेला तो गेलाच.

घरी ते तिचं ताट वाढताना सगळं बारीक करून द्यायचे. त्यात काही विशेष नव्हतं. घोटाळा झाला तो मेहुणीच्या घरी. माणसं चौदा, टेबल एक, आणि सुरी अशी बोथट की तिनं लोणीसुद्धा दुखावलं नसतं. तक्तेसाहेब बायकोच्या ताटावर वाकून भाजलेल्या बटाट्याशी झटापट करत राहिले. बटाटा निसटला, टेबलावरून गडगडत गेला आणि साडूच्या बुटापाशी थांबला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चौदा माणसं एकदम हवापाण्यावर बोलायला लागली.

त्या दिवसापासून ती कुठे जात नव्हती. बाजारात नाही, शेजारी नाही. आणि येत्या रविवारी कारखान्यात तिचा निरोपसमारंभ होता. शिलाईच्या मुकादमबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या होत्या. "मास्तर, चाळीस जणी वाट बघतायत हां. जेवण आहे. नाही म्हणायचं नाही."

"बघू," ती म्हणाली होती.

एकतीस वर्षांच्या संसारात तिचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे तक्तेसाहेबांना पाठ होतं. रविवारी ती गेली नाही तर पुन्हा कधीच कुठे जाणार नाही, ही भीती त्यांना बुटातल्या खड्यासारखी छळत होती. बसमध्ये बसलं की टोचायची, सही करताना टोचायची. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं प्रश्न कागदावर मांडला. दोष कशात होता? सुरीत. उपाय? स्वतःचा धारदार चाकू, घडीचा, खिशात मावणारा, रोज बरोबर बाळगता येईल असा. तो टेबलाखाली उघडायचा, चार वार करायचे, मिटायचा. कुणाला पत्ता लागता कामा नये. म्हणून मुख्य अट, आवाज नको.

तीन दुकानं झाली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी निकाल लावला. पितळी कडांचा, बोटभर लांबीचा चाकू. पात्याला नखानं ओढायची बारीकशी खाच. उघडताना इतका गप्प, की दुकानदारानंच विचारलं, "उघडला का?"

दुपारभर चाकू पँटच्या खिशात होता आणि तक्तेसाहेब चाकूच्या धाकात होते. आपोआप उघडला तर? फाटकावरच्या पहारेकऱ्यानं खिसे तपासले तर? ज्या पहारेकऱ्यानं एकतीस वर्षांत त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याच्यासमोरून ते संध्याकाळी असे तिरके चालत गेले, की त्यानं काळजीनं विचारलं, "साहेब, पाय मुरगळला का?"

घरी ती खिडकीशी बसली होती. त्यांनी चाकू टेबलावर ठेवला, जरा मागे सरकले.

"हे काय?"

"चाकू. तुझ्यासाठी."

तिनं तो डाव्या हातात घेतला. फिरवून पाहिला. अंगठा खाचेवर ठेवून ढकललं. पातं हललं नाही. मूठ मांडीत धरून पाहिली, घसरली. शेवटी तिनं चाकू दातांपाशी नेला, आणि तिथे थांबली. मग टेबलावर परत ठेवला, अगदी हळू.

"याला दोन हात लागतात," ती म्हणाली.

"अगं, मी आहे ना उघडायला."

"मग हा तुमचा चाकू झाला. माझ्यासाठी आणला कशाला म्हणता?"

तक्तेसाहेबांनी घाईनं कागद उलगडला. "हे बघ, तीन दुकानं फिरलो. पातं, वजन, धार... आवाजसुद्धा बघितला. टेबलाखाली उघडला तर कुणाला कळणार पण नाही."

ती कागद वाचत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर जशी ठेवली होती तशीच होती.

"अहो, इतकी वर्षं रोज जेवताना मला ऑफिसच्या गोष्टी सांगता. वस्तू घ्यायची तर आधी कुणाचं पत्र लागतं?"

"ज्या विभागाला वापरायचीय त्यांचं. मागणीपत्र. त्याशिवाय तक्ता करताच येत नाही."

"हं," ती म्हणाली. "मग माझं पत्र कुठंय?"

तक्तेसाहेबांनी खुर्चीवर बसून कागद पुन्हा वरपासून तपासायला घेतला.

"तुम्हाला वाटतं, बटाटा पडला म्हणून मी जात नाही. बटाटा जाऊ दे हो खड्ड्यात! तीस वर्षं मी कापून दिलेलं त्या चाळीस जणींनी शिवलं. आता त्यांच्यासमोर तुम्ही मला कापून भरवणार?" तिला दम लागला. "न्हाणीघरात जा. साबण बघून या."

ते गेले. साबण त्यांनी रोज पाहिला होता, नोंदही घेतली होती. गेले दोन महिने घरात साबण दीडपट लागत होता आणि त्यांनी मनातल्या मनात त्याचा ठपका कंपनीवर ठेवला होता. आता त्यांनी वडी हातात घेतली. एका कडेनं तिचे काप काढलेले होते. आधीचे वेडेवाकडे, मग जरा बरे. खिडकीच्या फळीवर स्वयंपाकघरातली जुनी, धारेकडून पोट आलेली सुरी होती. ती त्यांनी मागच्याच महिन्यात हरवली म्हणून सोडून दिली होती.

ते परत आले, कागद उलटा केला, पेनाचं टोपण काढलं.

"सांग," ते म्हणाले.

ती सांगू लागली तेव्हा आवाज बदलला. कारखान्यातला आवाज असावा तो. त्यांनी कधी ऐकला नव्हता. "पातं सरळ नको, पोट असलेलं हवं. दुसऱ्या हातानं धरता येत नाही ना, मग ओढून कापता येत नाही. दाबायचं आणि डुलवायचं. उघडायला पात्यावर बोंड हवं, अंगठ्यानं ढकलायला. आणि बोंड दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला असलं की ते उजव्यांसाठी असतं. उघडल्यावर घट्ट अडकलं पाहिजे. मूठ ओल्या हातातून सटकायला नको. लिहिलं?"

"लिहिलं. आणि... आवाज?"

"कसला आवाज?"

"उघडल्याचा. लोकांचं लक्ष जातं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाचा सरळ कोपरा वर गेला.

"जाऊ दे की."

शनिवारी ती स्वतः आली. तिसऱ्या दुकानापर्यंत पोचायला अर्धा तास लागला, आणि वाटेत तिनं त्यांचा दंड दोनदाच धरला. दुकानदारानं तक्तेसाहेबांना ओळखलं.

"या साहेब! पाकिटं फुटली का?"

"पाकिटं नाहीत," तक्तेसाहेब म्हणाले. "माझ्या मिसेसना हवाय."

"बोला ताई."

ताईंनी बोलणं आटोपतं घेतलं. सगळे खोके उघडायला लावले. एकेक चाकू डाव्या हातात धरून अंगठ्यानं ढकलला. पाच जागचे हललेच नाहीत, एक अर्ध्यात अडला. दुकानदार मदतीला हात पुढे करू लागला तशी ती म्हणाली, "हात मागे घ्या हो." मग तिनं तळातून नारिंगी मूठ ओढून काढली. बोंड दोन्ही बाजूंना. ठक्क! धार बघायला तिनं गल्ल्यावरचा जाड कागद मागितला, फळीवर ठेवला, पातं टेकवून डुलवलं. कागद दुभंगला. पाठीवरची कळ अंगठ्यानं दाबत पातं मांडीला टेकवून चाकू मिटला. ठक्क.

"पोट जरा जास्त सुटलंय," तक्तेसाहेब चाचरत म्हणाले.

"असू दे. तुमच्याशी जमलंच की."

दुकानदार खोखो हसला. तक्तेसाहेबांनी कागद काढला, 'बाद' हा शब्द खोडला. सगळ्यांत स्वस्त तोच होता. त्यांच्या स्वतःच्या नियमानंसुद्धा तोच लागायला हवा होता. इथूनच घेतलेला पितळी चाकू परत करायला आणला होता. पण पाटी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी होती, आणि पाटी वाचून वाद घालणाऱ्यांतले ते नव्हते. तो खिशातच राहिला.

रविवारी कापणीची टेबलं जोडून त्यांवर पांढरं कापड पसरलं होतं. तक्तेसाहेब सवयीनं तिच्या उजवीकडची खुर्ची ओढू लागले.

"समोर बसा," ती म्हणाली.

ते समोर बसले. भाषणं झाली, जेवण वाढलं गेलं. तिच्या ताटात अख्खा भाजलेला बटाटा होता. शेजारच्या मुकादमबाई बोलता बोलता सहज म्हणाल्या, "द्या मास्तर, मी करते," आणि हात पुढे केला.

मांडीवरच्या पिशवीतून तिनं चाकू काढला. ठक्क!

चाळीस माना वळल्या. बोलणं तुटलं. तक्तेसाहेबांचा हात टेबलाखाली खिशात गेला आणि पितळी चाकूवर घट्ट बसला. तिनं पातं बटाट्यावर टेकवलं. बटाटा घसरला, ताटाच्या काठापर्यंत गेला. ते खुर्चीतून अर्धे उठले. तिनं मान वर न करता पात्याच्या टोकानं बटाटा मधे आणला, पुन्हा टेकवलं, खांदा पुढे घातला आणि डुलवलं. दोन तुकडे झाले. मग चार. मागच्या टोकाला कुणीतरी पाणी मागितलं, कुणीतरी ओतलं, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. या वेळी हवापाण्यावर नव्हतं.

तक्तेसाहेब खाली बसले. तुकडे लहानमोठे झाले होते, एक तर चक्क तिरका. तिनं तो तिरका तुकडा जरा वेळ पाहिला, सूतभर फरक न चालणाऱ्या माणसानं पाहावा तसा. मग तोच आधी खाल्ला.

शेवटी मुकादमबाईंनी एक लांब लाकडी पेटी तिच्यापुढे ठेवली. पेटीला फीत बांधलेली होती. तिनं चाकू फितीखाली घालून वर उचलला, फीत तुटली. आत तिचीच कात्री होती. हातभर लांब, मुठीवर तिच्या अंगठ्यानं झिजवलेला खळगा.

"नव्यानं धार लावून घेतलीय, मास्तर."

"छान केलं," ती म्हणाली. डाव्या हाताचं एक बोट तिनं खळग्यावरून फिरवलं आणि झाकण लावलं.

परतीच्या बसथांब्यापर्यंत दोघं पायी निघाली. पेटी जड होती. ती तक्तेसाहेबांनी काखेत घेतली होती. थोडं चालल्यावर त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"पिशवी दे, मी घेतो."

"राहू दे," ती म्हणाली, आणि पिशवी डाव्या खांद्यावर जरा वर सरकवली.