गुरुजींचा मास्क

मित्रांनो, काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका मराठी घरात, खिडकीखाली बसलेली मी हाताने फिरवायची जुनी शिवणाची मशीन. प्रमोदिनीकाकूंच्या सासूबाईंनी मला उभा जन्म राबवलं. परकर, पोलकी, उशांचे अभ्रे; गल्लीत माझ्या टिपेचं नाव होतं. त्या गेल्या आणि माझ्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या. काकूंना सुईत दोरा ओवण्यापलीकडे शिवण येत नव्हतं. मी रुसले होते, खोटं कशाला बोलू?

मग करोना आला. काकूंचे यजमान विश्वेश्वर गुरुजी मणिकर्णिका घाटावर अंत्यविधी सांगत. सगळी काशी घरात दडली, पण मरण कुणासाठी थांबतं? गुरुजी रोज घाटावर जात आणि काकू दारात उभ्या राहून त्यांची वाट बघत. दुकानं बंद, मास्क मिळेना. त्यांनी बरण्या उतरवल्या, मला तेल घातलं आणि गुरुजींचं जुनं धोतर फाडायला घेतलं.

नवशिकीची काय ती फजिती! दोरा गुंतला, सुई मोडली, चुण्या उलट्या बसल्या. मुलगी बकुळ मोबाईलवर बघून सांगे, "आई, हे गलत झालं. पूरा उसव."

काकू उसवत, पुन्हा शिवत. अखेर एक मास्क झाला, जरासा तिरकाच. गुरुजी तो बांधून आरशात बघत म्हणाले, "बैलाला मुसकं घातल्यासारखा दिसतोय मी."

"दिसा! पण तोंडावरून काढू नका हं," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी मास्क स्वच्छच परत येई. "किती जपून वापरतात," म्हणत काकू तरीही तो धूत, वाळवत. मलाही अभिमान वाटे.

गणपती यायच्या सुमारास गुरुजींना ताप भरला. दम लागू लागला. बकुळने फोन करकरून पाहिले, इस्पितळात जागा मिळेना. काकू उशाशी बसून पुन्हापुन्हा विचारत, "मास्क होता ना हो तोंडाला?"

"नव्हता गं. शिवलेलं वस्त्र क्रियेला चालत नाही ना. घाटावर गेलं की काढून कनवटीला खोचायचो. उपरणं गुंडाळायचो, पण मंत्र म्हणताना ते घसरायचं."

"मग मला सांगायचं नाही? न शिवता, नुसत्या घड्या घालून, गाठी मारून दिलं असतं!"

"इतका जीव लावून शिवलं होतंस. कुठल्या तोंडाने सांगू?"

काकू तोंडाला पदर लावून रडल्या. माझी टीपच आड आली, मित्रांनो. आजही ते आठवलं की मला फार वाईट वाटतं.

गुरुजी गेले. ज्यांनी जन्मभर परक्यांची क्रिया केली, त्यांना खांदा द्यायलाही माणसं जमली नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर काकूंनी उरलेलं धोतर फाडलं. जमिनीवर बसून, घड्या घालून, टोकांना गाठी मारून मास्क केले आणि घाटावरच्या बाकीच्या गुरुजींना पाठवले. एकही टाका नाही. त्या मला दोष देत नाहीत, पण माझ्या हँडलला हात लागला की त्यांना रडू फुटतं.

यंत्रांना तेल घाला, धूळ बसू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण मित्रांनो, आपल्या माणसाने प्रेमाने केलेली वस्तू उपयोगाची नसेल, तर त्याचं मन राखायला गप्प बसू नका. सांगून टाका. काकू घटकाभर रुसल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या आणि मग खाली बसून गाठी मारल्या असत्या. गुरुजी आज जेवायला घरी असते.