दुसरा शुक्रवार

लुक्यानला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले, तरी उस्तीन्यानं त्याच्याशी धरलेला अबोला सुटला नव्हता.

धरला होता तो जिवंत असतानाच, मरणाच्या चार दिवस आधी. झारनं समुद्रापलीकडचा हा सगळा मुलूख अमेरिकेला विकून टाकला होता आणि इथला कारभार बघणाऱ्या रशियन कंपनीच्या कचेरीत रशियाला परत जाणाऱ्यांची यादी चालू होती. लुक्याननं तिथं स्वतःचं नाव घातलं, त्याखाली बायकोचं घातलं, आणि घरी येऊन जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं.

"परत?" उस्तीन्या म्हणाली. "तू इथं जन्मलास, मी इथं जन्मले. जिथं कधी गेलोच नाही तिथं परत कसं जायचं?"

"बाप तिथला होता माझा."

"मग बापाचं नाव घालायचं होतंस!"

तेवढ्यावर बोलणं बंद. पुढचे तीन दिवस ती समोवारशी, चहाच्या पितळी बंबाशी बोलली. "चहा झालाय म्हणावं," असं समोवारला सांगायची, आणि लुक्यान मुकाट्यानं येऊन प्यायचा. चौथ्या दिवशी तो गोदीत जहाजाच्या फळीवरून घसरला, खाली दगड होते. घरी आणला तेव्हा त्याच्या अंगात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चाळीस दिवस जीव घरातच वावरतो. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी पाण्याचा पेला आणि पावाचा तुकडा ठेवायचा, आणि चाळिसाव्या दिवशी चार माणसांना जेवू घालून त्याला फाटकापर्यंत पोचवायचं. उस्तीन्यानं एक दिवस चुकवला नाही. रोज पेला भरायची, आपटून ठेवायची, आणि तोंड फिरवायची. सुरुवात त्यानं करावी, असं तिचं म्हणणं होतं. तो मेला आहे हे तिला मान्य होतं, पण मेल्यावर चूक आपोआप माफ होते असं कुठं लिहिलेलं तिच्या पाहण्यात नव्हतं.

तसं रोज सकाळी ती स्वतःला बजावायची, की आज बोलायचंच. मग दिवस जायचा. दाराशेजारी लुक्याननं स्वतः कोरलेली दिवसांची फळी होती, दर दिवसाला एक भोक आणि सणाच्या भोकाशेजारी क्रूस. हाडाची खुंटी रोज एक भोक पुढं सरकवायची. उस्तीन्या खुंटी सरकवायची आणि किती भोकं उरली ते मोजायची. वीस उरली. दहा. तीन. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

सात ऑक्टोबरला शनिवार आला. चाळिसावं भोक. आज दुपारी जेवण उरकलं की लुक्यान निघणार, तो कायमचा. उस्तीन्या पहाटेच उठली. गव्हाची गोड खीर शिजली होती, सामन मासा भरलेला मोठा रोट भट्टीत होता, धिरड्यांचं पीठ फुगून वर आलं होतं आणि साठवलेलं सगळं लोणी तिनं बाहेर काढलं होतं. कामाचा एवढा रगाडा, की बोलायला सवड नाही, असं ती स्वतःलाच सांगत होती. धाकटी नणंद पेलागेया मदतीला आली होती आणि मदतीपेक्षा रडत जास्त होती.

एवढ्यात कंपनीचा कारकून झोसिम दारात उभा राहिला. हातात कागद, चेहरा मठ्ठ.

"उस्तीन्या मावशी, हुकूम आहे. आज शुक्रवार."

"शुक्रवार काल झाला," पेलागेया म्हणाली.

"काल झाला, आज परत आहे. आज दुपारी अमेरिकेचा झेंडा चढणार, तर आजपासून तारीख-वार त्यांचा. आज अठरा ऑक्टोबर, शुक्रवार."

"आणि सात ते सतरा कुठं गेल्या?"

"त्या रद्द."

"अकरा दिवस रद्द? आणि शुक्रवार मात्र दोनदा? उपासाचाच दिवस बरा सापडला तुमच्या सरकारला!"

झोसिमनं कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. "आपली माणसं पूर्वेकडं चालत चालत इथं आली, म्हणून आपला वार एक पुढं गेला. ते पश्चिमेकडं चालत आले, म्हणून त्यांचा एक मागं."

"मग ज्यानं त्यानं आपापला वार जपावा की!"

"मलाही सकाळीच कळलं हो, बाई. माझा आज वाढदिवस होता."

पेलागेयानं नाक शिंकरलं. "पाद्रीबाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, देवळाच्या तारखा देवळाच्याच राहतील. वाराचं पीटर्सबर्गला पत्र टाकून विचारतो म्हणाले. उत्तर वर्षभरात येईल."

उस्तीन्या एवढा वेळ पिठाचा चमचा धरून उभी होती. तिनं विचारलं, "म्हणजे आज शुक्रवार, तर उद्या शनिवार?"

"उद्या शनिवार."

तिनं चमचा ठेवला, हात पुसले, दाराजवळ गेली आणि फळीवरची खुंटी काढून मागच्या भोकात बसवली.

"मावशी, मागं नाही, अकरा भोकं पुढं न्यायची," झोसिम म्हणाला.

"अकरा तुझी तू ने. हा एक दिवस मी घेतला." ती पेलागेयाकडं वळली. "वन्सं, सगळ्यांना सांगून या. चाळिसावा उद्या."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? लोक निघाले असतील घरून! आणि दादाचं काय? त्याचा जीव काय हुकूम वाचून थांबणार आहे?"

"बावीस वर्षं कंपनीत होता. हुकुमाबाहेर एक पाऊल टाकलं का कधी त्यानं? थांबेल."

ते खरंच होतं. पेलागेया बडबडत घरोघर गेली. लोक चिडले. एकानं तर कालचा शुक्रवार काटेकोर पाळून पोट रिकामं ठेवलं होतं, त्याला हा दुसरा शुक्रवार फार लागला. रोट झाकला, लोणी पुन्हा तळघरात गेलं. विधवा बाई नव्या सरकारला भलतीच घाबरली, असं गावात ठरलं.

उस्तीन्या घाबरली होती, पण सरकारला नाही. एक दिवस फुकट हातात पडला होता, आणि आता कामाचंही निमित्त उरलं नव्हतं. देव्हाऱ्यासमोर बाकावर ती बसून राहिली. पेल्याकडं बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. उठून अंगण झाडून आली. पुन्हा बसली. एकोणीस वर्षांच्या संसारात पहिला शब्द तिनं कधीच काढला नव्हता, दर भांडणात तोच काढायचा. 'मासे काय म्हणतायत आज?' असं काहीतरी बिनकामाचं विचारायचा आणि भांडण मिटायचं. आता तो विचारणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती वाट बघत होती.

दुपारी तोफा वाजल्या. थोड्या वेळानं पेलागेया धापा टाकत आली. ती टेकडीवर बघायला गेली होती. "वहिनी, काय झालं ऐका तरी! आपला झेंडा उतरवायला लागले तर तो खांबाला गुंडाळून बसला. उतरेचना! ओढला तर फाटला. मग एका खलाशाला वर चढवला, त्यानं सोडवला आणि खाली टाकला, तो थेट शिपायांच्या संगिनींवर! सगळे मोठे साहेब असे तोंड पाडून उभे. मला तर रडावं की हसावं कळेना." मग तिनं रडायचं ठरवलं, थोडं रडली आणि उद्या लवकर येते म्हणून निघून गेली.

उस्तीन्यानं दार लावलं. आणि वळता वळता तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "अरे, ऐकलंस का? झेंडा अडकला!"

ती जागच्या जागी थबकली. मग सावकाश बाकावर येऊन बसली.

"खांबाला गुंडाळला म्हणे," ती कोपऱ्याकडं बघून म्हणाली. "दोर कुणी बांधला असेल? तू असतास तर बांधू दिला नसतास तसा." मग तिनं त्याला शुक्रवाराचं सांगितलं, झोसिमचा वाढदिवस रद्द झाल्याचं सांगितलं, छपराला वायव्येकडून गळती लागल्याचं सांगितलं, त्याच्या दफनाला कोण आलं आणि कोण आलं नाही तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस रे. नुसतं विचारायचं होतंस. मी चार दिवस भांडले असते, आणि आले असते तुझ्याबरोबर. कुठंही आले असते." एवढं बोलून ती डोक्यावरच्या रुमालात तोंड घालून रडली. एकोणचाळीस दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

दुसऱ्या दिवशी, ज्याच्या त्याच्या मते शनिवारी किंवा रविवारी, लोक जेवून तृप्त झाले. रोट शिळा असूनही चांगला लागला. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि लुक्यानला पोचवायला मंडळी अंगणात आली. रीत अशी, की फाटकाशी थांबायचं, वाकून नमस्कार करायचा आणि मागं न बघता घरात यायचं. सगळे थांबले, वाकले.

उस्तीन्या फाटक उघडून बाहेर पडली. ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती, हात हलवून, शेजारी कुणी चालत असल्यासारखी.

"वहिनी," पेलागेयानं हाक मारली, "फाटकाशी थांबायचं असतं!"

"माहीत आहे," उस्तीन्या म्हणाली आणि चालत राहिली. देऊळ मागं पडलं, गोदी मागं पडली, अमेरिकन पहारेकरी तोंड उघडं टाकून बघत राहिला, आणि तिचं बोलणं काही संपेना. पुढं समुद्र लागला. तिथं रस्ता संपत होता, म्हणून ती थांबली.