नपारीच्या भट्टीतली भांडी

"माझ्या पातेल्यात शिसं? तुझ्या यंत्रात धूळ शिरलीया बाई, दुसरं काय न्हाई."

भांडी ओतणारा नपारी भर बाजारात असा तडकला, की कांदे विकणाऱ्या बायासुद्धा माल सोडून बघायला आल्या. हरमतानचा कोरडा वारा सुटला होता, तांबडी धूळ दातात करकरत होती. कडुनिंबाखाली तामाले शहरातून आलेली रहिना बसली होती. पिस्तुलासारखं यंत्र वस्तूला टेकवून ती आत शिसं आहे का ते सांगायची. सकाळपासून आम्ही बायांनी ताटल्या, मणी, हाताला लागेल ते तिच्यापुढं मांडलं होतं. नपारीच्या आईनं, सनातूम्मांनी, काजळाची डबी दिली. त्यात शिसं निघालं तर म्हातारी म्हणाली, "तरीच मला सुनेचे गुण दिसंनात." आम्ही हसलो, सून मेमुनातूही हसली.

मग मेमुनातूनं नवऱ्यानं ओतलेलं पातेलं मिरवत पुढं ठेवलं, यंत्रानं त्यातही शिसं दाखवलं आणि सगळ्यांचं हसू विरलं. गावातल्या चुलीचुलीवर नपारीचंच भांडं होतं.

"दादा, धातूतच शिसं आहे," रहिना म्हणाली. "शिजवताना थोडं थोडं अन्नात उतरतं. लहान पोरांच्या डोक्याला वाईट, आणि पोटातल्या बाळालाही."

मेमुनातूचा हात आपसूक पोटावर गेला. तिचे दिवस भरत आले होते.

संध्याकाळी तिनं सासूचं मातीचं मडकं चुलीवर चढवलं. आमचं अंगण लागूनच, सगळं ऐकू येत होतं.

"टुओ करपलाय," नपारी शिजल्या पिठाचा गोळा मोडत म्हणाला.

"करपलेला खावा. त्या पातेल्यात म्या आता रांधणार न्हाई."

"माझा बापबी असंच ओतायचा."

"मामंजींना कुणी सांगितलं नव्हतं. तुमास्नी सांगितलंय."

नपारीनं ताट पुढं ओढलं. करपलेलं सगळं खाल्लं आणि भट्टीपाशी जाऊन बसला.

सकाळी बघते तर नपारी हातगाडीवर भंगार रचतोय. गाड्यांचे तुकडे, खिडक्यांच्या चौकटी, तारा, जुन्या बॅटऱ्यांची टोकं. रहिना पुढच्या गावाला निघायच्या बेतात होती, तिच्यासमोर त्यानं गाडी आडवी घातली.

"काल तोंड सुटलं, मनावर घेऊ नगंस," तो म्हणाला. "पर आता हे एकेक बघून सांग. कंचं चांगलं, कंचं वाईट."

तिनं पिशवी खाली ठेवली. ती यंत्र टेकवायची आणि आम्ही बाया तुकडे वेगळे करायचो. तारा अन् चौकटी बऱ्या निघाल्या. बॅटऱ्यांची टोकं आणि गाडीचे बरेच तुकडे वाईट.

"ही टोकं कशाला घालता?" तिनं विचारलं.

"धातू पातळ व्हतो. साच्यात झ्याक पळतो."

"जुनी भांडी वितळवून नवी करू नका. शिसं जात नाही, तिथंच राहतं."

पुढच्या बाजाराला रहिना पुन्हा आली, तेव्हा नपारीनं नुसत्या तारा-चौकटींचं पातेलं ओतून आणलं. जरा खडबडीत होतं. रहिनानं यंत्र तळाला लावलं, काठाला लावलं, कानालाही लावलं.

"यात सापडलं नाही," ती म्हणाली.

नपारी पोरासारखा हसायला लागला.

त्यानं गावाला सांगितलं, जुनं आणा, नवं घेऊन जा. पण बायांना असं फुकट घेणं पटेना. कुणी सुरण आणला, कुणी गिनी कोंबडी. मी मोबदल्यात भंगारातून तारा-चौकटी निवडून दिल्या. जुन्या भांड्यांत पुन्हा कुणी शिजवू नये म्हणून नपारी प्रत्येकाच्या तळाला भोक पाडत होता. आपलाच माल फोडताना आधी त्याचा चेहरा उतरला होता, पण मेमुनातू शेजारी बसून घणासाठी भांडी धरायला लागली आणि दोघांची थट्टा सुरू झाली. "हळू, माझा हात बी पातेलंच समजलासा का?" असं काहीबाही.

शेवटी सनातूम्मा आल्या. पदराखाली काहीतरी झाकलं होतं. बाहेर काढलं तर एक वाकडी, एका कानाची कढई. नपारीनं पोरवयात पहिल्यांदा ओतलेली. गावात सगळ्यांनी भांडी दिली, ही मात्र म्हातारीनं लपवून ठेवली होती.

नपारीनं घण खाली ठेवला. "ही ऱ्हाऊ दे, अम्मा. शोभेला ठेव."

"नातू रांगायला लागला की शोभेत हात घालंल," म्हातारी म्हणाली. कढई तिनं स्वतःच ऐरणीवर पालथी घातली. "घाल घाव. आन भोक मोठं पाड. बारकं पाडलंस तर म्याच बुजवून घीन."