उंबऱ्यापाशी ठेवलेली बाटली

“साबण घातलास ना डोळ्यात?” ब्रदरने विचारले.

रांगेतला शिलाई कामगार ओशाळून हसला. “तुम्हाला कसं कळतं हो, ब्रदर?”

“आलेला डोळा सकाळी चिकटतो. ओल्या कापसानं पापण्या सोडवाव्या लागतात. तुझ्या बघ, कशा लख्ख आहेत! जा, पाण्यानं धू आणि मशीनवर बस. सुटी हवी तर मुकादमाकडं माग, माझ्याकडं नाही.”

कपड्यांच्या त्या कारखान्यात डोळ्यांची साथ पसरली होती. दवाखान्यात परिचारक तो एकटाच; सगळे त्याला ब्रदर म्हणत. रोज सकाळी फाटकापाशी एकेकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून तो निवाडा करी. दोन्ही डोळे खाजून नुसते पाणी येत असेल, तर सुताची धूळ. पिवळट, चिकट घाण असेल, तर साथ, घरी जा. डोळ्यात काही खुपत असेल, तर पापणी उलटून कण शोधायचा. आणि लाल डोळा आतून ठणकत असेल, अंधुक दिसत असेल, तर काहीही शोधत न बसता तडक मोठे इस्पितळ. झोपेतून उठवून विचारले असते तरी त्याने हे घडाघडा सांगितले असते.

घरी ताईचा डावा डोळा लाल झाला, तेव्हा मात्र त्याने काही विचारलेच नाही.

आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवले, शिकवले. त्या धांदलीत तिचे स्वतःचे लग्न राहून गेले, ते गेलेच.

“आला वाटतं तुझाही,” तो दारातूनच म्हणाला. तिचा टॉवेल वेगळा केला, ताट वेगळे केले, आणि थेंबांची बाटली तिच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ठेवली.

“लागेल म्हणून लांबून बोलतोस होय रे?”

“मला लागलं तर सगळ्या कारखान्याला लागेल, ताई.”

“बरं बाबा. कारखाना सांभाळ तू.”

त्यानंतर तिने खिडकी लावून घेतली. ताईचा रुसवा त्याला लहानपणापासून पाठ होता. भांडण नाही, आदळआपट नाही. खिडकी बंद करून अंधारात बसायचे आणि राग उतरला की आपणहून उघडायची. उतरेल, असे म्हणून तो कामाला लागला.

संध्याकाळी दाराच्या फटीतून तिचा आवाज आला. “दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय रे.”

“घाण साचली की दिसतं तसं. डोळा धू.”

“पण घाण कुठंय?”

तो एव्हाना पाठमोरा झाला होता. दुसऱ्या दिवशी ताट तसेच परत आले. “अन्नावर कशाला राग काढतेस?” एवढेच तो बोलला. 

तिसऱ्या सकाळी ती भिंत चाचपत बाहेर आली. तेव्हा कुठे त्याने बॅटरी घेतली आणि तिच्याजवळ गेला. बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखे धुरकटले होते. मोठी झालेली बाहुली उजेड पडला तरी हलली नाही. घाणीचा तर टिपूसही नव्हता.

“काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब एकाएकी चढलाय,” इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यात उजेड सोसत नाही, अन्नही नकोसं होतं. अंधारात बसल्या होत्या का? अंधारात बाहुली आणखी मोठी होते, दाब वाढतो. पहिल्याच दिवशी आणलं असतं, तर...” वाक्य त्यांनी अर्धे सोडले. “उजवा डोळा लेझर करून जपू. डाव्याचं आता काही होण्यासारखं नाही.”

‘मला वाटलं, ती रुसलीय,’ असे म्हणण्याऐवजी त्याने विचारले, “लेझर कधी करायचं?”

शेजारीण बघायला आली. “घरात ब्रदर असून असं कसं गं झालं?”

“अगं, मीच बोलले नाही काही,” ताई म्हणाली. “तो बिचारा रोज खोदून खोदून विचारायचा.”

स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या ब्रदरला ते ऐकू आले. तिने शिव्या घातल्या असत्या, खिडकी लावून आठवडाभर अबोला धरला असता, तर त्याला बरे वाटले असते. पण खिडकी आता दिवसभर सताड उघडी असे.

फाटकापाशी तो प्रत्येकाला विचारू लागला, “दिव्याभोवती कडं दिसतं का?”

“कडं असतं तर इथं शिवत कशाला बसलो असतो, ब्रदर? सोन्याचं आहे का?” रांग खदखदून हसली. तोही हसला, आणि पुढच्याला तेच विचारले.

घरी तो ताईच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभा राहू लागला. तिथून त्याला ती दिसे, तिला तो दिसत नसे.

“तिकडं काय उभा राहतोस चोरासारखा?” एका संध्याकाळी ती म्हणाली.

“चहा आणलाय.”

“मग इकडं ये ना. आता काय लागणार आहे तुला?”

त्याने हात लांबवून कप तिच्या उजव्या बाजूला ठेवला. पाय जागचे हलले नाहीत.  मग ताई खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धवट उठली, खुर्ची फरशीवरून करकरत ओढत सबंध वळवली, आणि तो उजव्या डोळ्यासमोर आल्यावरच पुन्हा बसली.

“किती वाळलास रे,” ती म्हणाली.